दीड लाख किलोमीटर चाललेली वॅगनआर सीएनजी: बडोद्यात घ्यावी का?

घ्यावी. फक्त मीटर बघून नव्हे, कार्पेट उचलून.

दोन लाखांच्या आसपास बजेट आणि रोज मांजलपूर ते सयाजीगंज असं जाणं-येणं असेल, तर फिरून फिरून एकाच गाडीपाशी येऊन थांबायला होतं: २०१३ ते २०१८ मधली वॅगनआर एलएक्सआय, कंपनीच्या सीएनजीसह, सव्वा ते दीड लाख किलोमीटर झालेली. एवढ्या रनिंगला लोक उगाच घाबरतात आणि 'फक्त ५५ हजार चाललीय हं' या वाक्याला भुलतात. बडोद्यात खरी भीती किलोमीटरची नाही, पाण्याची आहे.

आधी गाडीबद्दल. इंजिन ९९८ सीसीचं, तीन सिलिंडरचं के-१०बी. यात टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. त्यामुळे लाखाच्या आत बेल्ट बदलण्याचा खर्च नाही आणि बेल्ट तुटून व्हॉल्व्ह वाकण्याची धास्तीही नाही. ऑइल तीन लिटरच्या आतबाहेर लागतं. ते दर दहा हजाराला बदललं गेलं असेल तर दीड लाख हे या इंजिनाचं मध्यमवय समजा. स्पेअर पार्ट कुठल्याही दुकानात मिळतात आणि ही गाडी न उघडलेला मिस्त्री शहरात सापडणं कठीण.

उणीही आहेत. सीएनजीवर ताकद पेट्रोलपेक्षा चांगलीच कमी पडते. चार माणसं, एसी आणि खंडाळ्याचा घाट असं समीकरण असेल तर घाटाच्या पायथ्यालाच पेट्रोलवर टाका. डिकी सिलिंडरनेच भरते, म्हणून दिवाळीला पुण्याला जाणाऱ्यांनी वरचा कॅरियर खर्चात धरावा. आणि या वर्षांच्या एलएक्सआयमध्ये बहुतेक वेळा एअरबॅग नाहीत, जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएसही नाही. ज्यांना रोज हायवेवर नव्वद-शंभरने जायचं आहे त्यांनी ही गाडी घेऊच नये, स्वस्त असली तरी.

कंपनीचा आकडा किलोला २६.६ किलोमीटरचा आहे. शहरात एसी लावून २० ते २२ मिळाले तर गाडी ठीक आहे. एका भरण्यात साधारण आठ किलो गॅस बसतो, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास.

आता पाणी. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली. समा, फतेहगंज, अकोटा, वडसर भागांत घरांत पाणी शिरलं, मग पार्किंगमधल्या गाड्यांचं काय झालं ते सांगायला नको. त्यातल्या बऱ्याच गाड्या धुऊन, सीटकव्हर बदलून, अत्तराची बाटली लटकवून पुन्हा बाजारात येतात. पासिंग बडोद्याचं जीजे-०६ असो वा शेजारच्या जिल्ह्याचं, तपासणी तीच.

ड्रायव्हरचा सीटबेल्ट अडेपर्यंत बाहेर ओढा. एरवी रीळात गुंडाळलेला शेवटचा हातभर पट्टा कुणी धूत नाही. तिथे आडवी मातकट रेघ, किंवा बोटाला लागणारा बारीक वाळलेला गाळ दिसला, की पुढची तपासणी करायची गरज नाही, चहा पिऊन घरी जा. पट्टा नवाकोरा आणि बाकी गाडी जुनी, हेही तितकंच वाईट. त्यानंतर सीट पूर्ण मागे सरकवून रुळांचे बोल्ट बघा. दहा वर्षांच्या गाडीत वरवरचा गंज असतोच, पण पापुद्रे सुटलेला गंज म्हणजे पाणी उभं होतं. दाराच्या उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी उचकून कार्पेटच्या खालचा फोम दाबा: ओल, कुबट वास, गाळ. टॉर्च घेऊन डॅशबोर्डच्या खालचे स्क्रू आणि वायरिंगचे कनेक्टर बघा. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट पूड असेल तर आज सगळं चालू असलं तरी पुढच्या पावसाळ्यात एकेक बंद पडत जाईल. किल्ली फिरवल्यावर इंजिन चेक, ऑइल, बॅटरी आणि पॉवर स्टिअरिंगचे दिवे लागून नंतर विझले पाहिजेत. मुळात लागलेच नाहीत, तर बल्ब काढलेला आहे. या गाडीचं पॉवर स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे, त्याची मोटर आत स्टिअरिंगच्या दांड्यावर असते, आणि ती भिजली की खर्च हजारांत जातो.

पाण्यात सेल्फ मारलेल्या गाडीचा प्रकार वेगळा. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये जातं, पाणी दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड किंचित वाकतो. गाडी नंतर सुरू होते, चालतेही. पण त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, बाकी दोघांपेक्षा कमी येतं. तिन्ही प्लग काढून गेज लावायला मिस्त्रीला अर्धा तास लागतो. तिन्हींच्या दाबात गेजवर एक किलोपेक्षा जास्त फरक असेल तर सोडून द्या.

कागदावरही पाणी दिसतं, हे फार कमी जण बघतात. विमा पॉलिसीतला एनसीबीचा, म्हणजे नो क्लेम बोनसचा, रकाना वाचा. क्लेम नसेल तर हा बोनस दरवर्षी २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के असा चढतो, आणि एक क्लेम घेतला की शून्यावर येतो. म्हणजे २०१४ च्या गाडीच्या पॉलिसीत पुराच्या पुढच्या नूतनीकरणाला ० आणि त्याच्या पुढच्या वर्षी २० टक्के लिहिलेले असतील, तर पुराच्या सुमाराचा क्लेम कशाचा होता हे विचारायचं. पॉलिसी ९० दिवसांपेक्षा जास्त खंडित राहिली तरी बोनस जातो, त्यामुळे शून्य म्हणजे पूरच असं नाही. मात्र उत्तर देताना मालक अडखळला, तर ते लक्षात ठेवा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर हा रकानाच नसतो. मग मागच्या तीन वर्षांच्या पॉलिसी मागा.

मीटर मागे फिरवणं या गाडीत फार सोपं आहे, म्हणून मीटर हा पुरावा मानूच नका. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर, गिअर नॉबवरचे आकडे, स्टिअरिंगची दहा-दहाच्या काट्यापाशी गुळगुळीत झालेली जागा, ड्रायव्हर सीटची दाराकडची बाजू, एवढं खोटं बोलत नाही. ६० हजाराच्या गाडीत पेडलचं रबर लोखंडापर्यंत झिजत नाही. मालकाच्या संमतीने अधिकृत वर्कशॉपमध्ये नंबर देऊन सर्व्हिसची नोंद काढून घ्या. प्रत्येक भेटीचे किलोमीटर तिथे असतात. आधीचे ९८ हजार आणि नंतरचे ६१ हजार असं दिसलं, की भाव करायचा मुद्दाच उरत नाही. खरे दीड लाख सांगणारा मालक खोट्या साठ हजारवाल्यापेक्षा दहा हजार जास्त मागत असेल तरी परवडतो.

गाडी थंड असताना बघायची. फोनवर तसं सांगूनही बॉनेट गरम लागलं तर समजून जा. थंड इंजिनवर पहिले दोन-तीन सेकंद चेनचा खरखर आवाज आला आणि ऑइल वर चढताच गेला, तर चालेल. आवाज टिकून राहिला तर चेन आणि टेन्शनर बदलायचे आले. तीन सिलिंडर असल्यामुळे आयडलला थोडी थरथर असतेच. पण आरसा हलून मागचं दिसेनासं होत असेल, तर इंजिनाचे रबरी माउंटिंग दबून गेलेले आहेत. हे काम किरकोळ आहे, भाव पाडायला मात्र उत्तम.

सीएनजीच्या गाडीत विक्रेता एक गोष्ट हमखास टाळतो: पेट्रोलवर चालवून दाखवणं. वर्षानुवर्षं पेट्रोलचा काटा लाल रेषेवर ठेवून गॅसवरच चालवलेली गाडी पेट्रोलवर टाकली की आचके देते. पंप कोरडा चालून गेलेला असतो, इंजेक्टरला चिकटा धरलेला असतो. स्वतः दोन लिटर पेट्रोल घाला आणि चार किलोमीटर फक्त पेट्रोलवर चालवा. दुसरी गोष्ट, गॅस कोरडा असल्यामुळे व्हॉल्व्हच्या सीट झिजतात, टॅपेटची गॅप कमी होत जाते आणि व्हॉल्व्ह नीट बंद होत नाहीत. सकाळी तीन-चार सेल्फ लागत असतील तर बॅटरी बदलून प्रश्न सुटेल असं मानू नका. इथेही कॉम्प्रेशनच बघायचं. गॅस सिलिंडरच्या पाटीवरची हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने होणाऱ्या तपासणीची) तारीख वाचा, ती दर तीन वर्षांनी करायची असते. आरसीमध्ये इंधनाच्या जागी पेट्रोल आणि सीएनजी दोन्ही असलं पाहिजे. बाहेरून किट बसवलं आणि आरसीवर चढवलंच नाही, तर अपघातात विम्याचा दावा अडकतो. सिलिंडरच्या वजनाने मागच्या स्प्रिंग बसतात, सपाट जागी बाजूने उभं राहून गाडी मागे झुकलीय का बघा.

ट्रायलसाठी अटल ब्रिज बरा. गेंडा सर्कल ते मनीषा चोकडी साडेतीन किलोमीटर, मध्ये सिग्नल नाही. चढावर चौथ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबा: इंजिनाचा आवाज वाढला आणि वेग नाही, तर क्लच गेला. उतारावर गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरचा पाय काढून पुन्हा दाबा, मागे निळा धूर म्हणजे व्हॉल्व्ह सील गेले. परतताना एखाद्या गल्लीतल्या गतिरोधकावर हळू जा. पुढून टकटक आली तर पुढच्या सस्पेन्शनचा लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश गेले.

भाव करताना दुरुस्तीचा हिशेब लिहूनच बोला. लेबरसह क्लच सेट साधारण पाच-सहा हजार, पुढचं सस्पेन्शन सात-आठ हजार, चार टायर बारा ते चौदा हजार, बॅटरी चार हजार. टायरवर चार आकडी तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी एवढं जुनं रबर कडक झालेलं असतं. आणखी एक मुद्दा हाताशी ठेवा, २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तेव्हा 'नवीन महाग आहे' हे तुणतुणं आता तितकं चालत नाही. डीलर पूर्ण किमतीवर १८ टक्के मागू लागला तर देऊ नका. जुन्या गाडीवर जीएसटी त्याच्या नफ्यावर असतो.

कागद: मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५, दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओच्या एनओसीचा फॉर्म २८. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, म्हणजे २०१३ ची गाडी २०२८ ला नूतनीकरणाला येणार, ते किमतीत धरा. बाकी असलेली ई-चलनं टोकन देण्याआधीच बघून मालकाकडून भरून घ्या. विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायचा. आधीच्या मालकाचा एनसीबी तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याकडेच राहतो. आणि फास्टॅग त्याला बंद करायला लावा, नाहीतर तुमच्या टोलचे पैसे त्याच्या खात्यातून जात राहतील आणि फोन तुम्हाला येत राहतील.