शिकेकाईच्या शेंगा, तयार पूड की ‘हर्बल’ बाटली?

काष्ठौषधींच्या दुकानात शिकेकाई मागितली की दुकानदार हमखास विचारतो, ‘शेंगा देऊ की पूड?’ शेंगाच घ्या. शेंग हातात घेऊन पारखता येते, पुडीत काय दळलंय ते कळत नाही. चांगली शेंग तपकिरी, सुरकुतलेली आणि खडखडीत वाळलेली असते. वाकवली की कट्‌कन मोडते. मऊ पडलेली, काळपट, पांढुरकी बुरशी धरलेली शेंग बाजूला काढायची. बारीक भोकं दिसली तर आत कीड आहे, मग तो सगळा माल नकोच.

तयार पुडीचा पुडा आधीच घरात असेल तर पाच मिनिटांची परीक्षा घ्या. काचेच्या छोट्या बरणीत अर्धी बरणी पाणी, त्यात एक चमचा पूड. झाकण लावून दहा-पंधरा वेळा जोरात हलवा आणि ठेवून द्या. शिकेकाई खरी आणि ताजी असेल तर पाच मिनिटांनंतरही वर फेस टिकलेला दिसतो. मग पाणी हळूच ओतून तळाचा गाळ चिमटीत चोळा. वाळूसारखी कचकच लागली तर पुडीत माती आहे किंवा बियांसकट भरड दळलंय. पुडीचा रंग फिकट तपकिरी आणि वास किंचित आंबूस हवा. हिरवीगार पूड म्हणजे त्यात दुसरी कुठली तरी पानं आहेत, आणि सुगंध दरवळत असेल तर वरून अत्तर घातलंय.

घरी मिश्रण करायचं तर हे प्रमाण बहुतेक केसांना चालतं: शिकेकाई अर्धा किलो, रिठ्याची टरफलं १०० ग्रॅम, आवळकाठी १०० ग्रॅम, मेथी ५० ग्रॅम, नागरमोथा ५० ग्रॅम, कपूरकाचरी ५० ग्रॅम. चुकतं ते रिठ्यात. फेस जास्त येतो म्हणून लोक रिठा दुप्पट घालतात, आणि केस राठ झाले की शिकेकाईला नावं ठेवतात. मुळात तेलकट केस असतील तर रिठा १५० ग्रॅमपर्यंत न्या. कोरडे किंवा कुरळे असतील तर ५० ग्रॅम पुरे, मेथी मात्र १०० ग्रॅम करा. मेथीच्या बुळबुळीतपणामुळे गुंता सहज सुटतो. रिठ्याच्या आणि शिकेकाईच्या बिया काढूनच टाका. त्या फेसाला काही मदत करत नाहीत, नुसती कचकच वाढवतात.

दळायला देण्याआधी सगळं दोन दिवस कडक उन्हात वाळवायचं. ओलसर शेंग दळताना चिकटते आणि पूड डब्यात गोळे धरते. धान्याच्या गिरणीत शिकेकाई घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, कारण पुढचं पीठ कडू होतं. शिकेकाई दळून देणारी गिरणी वेगळी असते. मिक्सरवर करायचं असेल तर नाकातोंडाला फडकं बांधा आणि भांडं थोडा वेळ न उघडता तसंच ठेवा. उडालेली पूड नाकात गेली की शिंका थांबत नाहीत. शेवटी मैद्याच्या चाळणीतून चाळून घ्या.

आता वापर. पूड पाण्यात कालवून तशीच डोक्यावर थापणं ही सगळ्यात मोठी चूक. कण केसांत अडकतात, वाळल्यावर कोंड्यासारखे झडतात आणि माणूस समजतो की शिकेकाईने कोंडा झाला. कमरेपर्यंतच्या केसांना दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण २० ते २५ ग्रॅम पूड पुरते. ती रात्री ४०० मिली पाण्यात भिजवा, सकाळी मंद आचेवर दहा मिनिटं उकळा. भांडं मोठं घ्या, नाहीतर फेस उतू जातो. स्टीलचं भांडं बरं. लोखंडी कढईत आवळ्यामुळे पाणी काळं होतं, त्याचे डाग टॉवेलला आणि नखांना लागतात. कोमट झालं की जुन्या सुती कापडातून पिळून गाळा. गाळलेलं पाणी फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतं. त्यात टिकाऊपणासाठी काहीच नसतं, त्यामुळे आंबूस वास आला की सरळ ओतून द्यायचं.

केस आधी पूर्ण ओले करा, मग हे पाणी थोडं थोडं मुळांशी ओतून बोटांच्या पेरांनी चोळा. नखं लावायची नाहीत. शाम्पू हा शब्दच आपल्याकडच्या ‘चंपी’च्या घराण्यातला आहे, आणि या पाण्याने धुताना तर निम्मं काम बोटंच करतात. बाटलीतल्या शाम्पूइतका फेस येणार नाही, त्याची वाट बघू नका. डोकं मागे झुकवा, डोळे घट्ट मिटा. शिकेकाई आणि रिठा दोन्ही डोळ्यांत गेले की भयंकर झोंबतात. गेलंच तर साध्या पाण्याने दहा-पंधरा मिनिटं डोळे धूत राहा, आणि लाली उतरली नाही तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. लहान मुलांसाठी म्हणूनच हा प्रकार आम्ही सुचवत नाही, कितीही नैसर्गिक असला तरी.

तेल हा वेगळा मुद्दा. डोकं चपचपीत तेलाने माखलं असेल तर शिकेकाईच्या एका धुण्यात ते निघत नाही. आदल्या रात्री दोन लहान चमचे खोबरेल पुरतं. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातली प्रथिनं कमी वाहून जातात, हे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय संशोधनात दिसलं होतं. ते काम खोबरेल विकणाऱ्या कंपनीतल्या संशोधकांचं होतं, हेही ध्यानात असू द्या. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाने तो परिणाम दिसला नव्हता.

एवढा खटाटोप दर आठवड्याला जमत नाही, हे मान्य. मग बाटली घ्या, पण ती उलटी करून मागचं वाचून घ्या. पुढच्या बाजूला जास्वंद, माका, ब्राह्मीची चित्रं असतात. खरा माल मागच्या बारीक अक्षरांत असतो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, फक्त एक टक्क्याखालचे घटक कसेही लिहिता येतात. यातून एक सोपी खूण मिळते. फिनॉक्सिइथेनॉल हे परिरक्षक, म्हणजे माल खराब होऊ न देणारं द्रव्य, एक टक्क्यापर्यंतच घालता येतं. यादीत त्याच्यानंतर आलेला माका किंवा ब्राह्मी एक टक्क्यापेक्षा जास्त असूच शकत नाही. आयुर्वेदिक परवान्याखालच्या काही बाटल्यांवर वनस्पतींचे मिलिग्रॅम नीट लिहिलेले असतात आणि शेवटी येतं ‘शाम्पू बेस, क्यू.एस.’, म्हणजे लागेल तेवढा. जवळजवळ सगळी बाटली म्हणजे तो बेस, आणि त्यात काय आहे ते सांगितलेलंच नाही. अशी बाटली परत फडताळात ठेवा.

‘सल्फेट-फ्री’ वाचून लगेच खूश होऊ नका. सोडियम लॉरेथ सल्फेट या फेस आणून मळ काढणाऱ्या द्रव्याच्या जागी बरेचदा सोडियम सी-१४-१६ ओलेफिन सल्फोनेट असतं. नावाने ते सल्फेट नाही, पण केसांतलं तेल जवळपास तितक्याच जोराने ओरबाडतं. खरोखर सौम्य हवं असेल तर पहिल्या चार-पाच नावांत डेसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड, सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट, कोकामिडोप्रोपिल बिटेन यांपैकी दोन तरी सापडायला हवीत. सल्फेटने कॅन्सर होतो ही अफवा आहे. टाळायचं ते कोरडेपणा, खाज आणि लावलेला रंग लवकर उतरणं यांसाठी. तेलकट केसांना आणि रोज धुळीत फिरणाऱ्याला लॉरेथ सल्फेटचा साधा शाम्पू बिनदिक्कत चालतो.

‘पॅराबेन-फ्री’ची गोष्ट तर जास्त गंभीर आहे. पॅराबेन हेही परिरक्षकच. त्याची भीती पसरल्यावर अनेक उत्पादनांत त्याच्या जागी मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे दुसरं परिरक्षक आलं आणि त्वचेच्या अॅलर्जीचे रुग्ण वाढले. अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचाविकारांच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ मध्ये त्याला वर्षाचं अॅलर्जीकारक ठरवलं, आणि त्याच संस्थेने २०१९ मध्ये पॅराबेनला वर्षाचं ‘अॅलर्जी न करणारं’ द्रव्य म्हटलं. युरोपीय संघाने २०१७ पासून अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत मिथाइलआयसोथायाझोलिनोनवर बंदी घातली. धुऊन टाकायच्या उत्पादनांत दहा लाखांत १५ भाग एवढीच मुभा आहे. मान, कपाळ किंवा कानामागे खाज येत असेल तर बाटलीवर सर्वांत आधी हे नाव शोधा, मग डीएमडीएम हायडँटोइन. या दुसऱ्यातून हळूहळू फॉर्मल्डिहाइड सुटतं, आणि तेही अॅलर्जी करतं.

शाम्पूच्या वड्यांमध्ये दोन अगदी वेगळ्या जाती एकाच नावाने विकल्या जातात. घटकांत सोडियम कोकोएट, सोडियम पामेट किंवा ‘सॅपोनिफाइड’ तेल दिसलं तर तो साबण आहे, हाताने बनवलेला असो की कारखान्यातला. साबणाचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, सातच्या वर अल्कली) नऊ-दहाच्या घरात असतो, डोक्याच्या त्वचेचा साडेपाचच्या आसपास. बोअरच्या जड पाण्यात तर साबण कॅल्शियमशी मिळून चिकट पांढरा थर धरतो, जो बादलीच्या कडेला दिसतो तोच. केस मेणचट होतात आणि कंगव्यात राखाडी मळ येतो. सोलापूर-मराठवाड्याकडे बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी अशी वडी घेऊच नये. सोडियम कोकॉइल आयसेथिओनेटची वडी मात्र जड पाण्यातही नीट चालते, आणि प्रवासात सांडत नाही. शिकेकाईचा फेसही जड पाण्यात फाटत नाही.

कोंड्याला यातलं काहीच औषध नाही. कोंड्यामागे मॅलॅसेझिया नावाची बुरशी असते आणि ती तेलावर जगते, म्हणून कोंडा असताना तेल थापणं उलट पडतं. दोन टक्के किटोकोनॅझोल या बुरशीनाशकाचा शाम्पू डॉक्टरांना विचारून आठवड्यातून दोनदा, तीन ते पाच मिनिटं ठेवून लावा. इथे नैसर्गिकचा हट्ट धरू नका.

जाता जाता काळ्या मेंदीबद्दल, कारण ती याच फडताळात असते आणि तिच्यावरही हिरवी पानं छापलेली असतात. मेंदीच्या पानाचा रंग केशरी-लाल येतो, काळा कधीच नाही. केवळ वनस्पतींनी काळं करायचं तर आधी मेंदी, ती धुतल्यावर निळीच्या पानांची पूड, असे दोन टप्पे लागतात. अर्ध्या तासात काळं करणाऱ्या पुड्यात बहुधा पॅराफेनिलिनडायअमीन हे केस रंगवायचं रसायन असतं. त्याची अॅलर्जी झाली तर पापण्या सुजून डोळे मिटतात. कालवलेल्या मिश्रणाचा थेंब कानामागे लावून ४८ तास थांबा. खाज, पुरळ किंवा सूज दिसली तर तो पुडा टाकून द्या, आणि पुढे पार्लरमध्ये कुठलाही केसांचा रंग लावायची वेळ आली तर ही अॅलर्जी आधी सांगा.