एन्झाइमचा फवारा: फरशीला पाच तारे, कापसाच्या गादीला दोन

बाटली ५०० मिलीची, किंमत साडेचारशे रुपये, वास जवळजवळ नाहीच. मांजराने नको तिथे केलेली शू साफ करायची, तीही मांजराच्या नाकाला पुन्हा सापडणार नाही इतकी, एवढंच तिचं काम. मी नाशिकला एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. अमोनियाच्या बाटलीशी माझी रोजची गाठ, त्यामुळे ‘दुर्गंध कायमचा गायब’ असलं लेबल वाचून माझा हात पर्सकडे जात नाही. पण आमच्या डांबरने (काळा कुळकुळीत बोका, वय आठ महिने) पावसाळ्याच्या तोंडावर तीन जागा धरल्या: बाथरूमबाहेरचं पायपुसणं, कपाटामागचा कोपरा आणि आईंची, म्हणजे सासूबाईंची, कापसाची गादी. गादीनंतर घरात जे वातावरण झालं, त्यात साडेचारशे रुपये स्वस्तच वाटले.

बाटलीवर पहिली ओळ म्हणून छापायला हवी अशी एक गोष्ट आहे, ती मी इथे लिहिते: आधी डॉक्टर, मग फवारा. बोका सारखा सारखा बसतोय, जोर लावतोय, थेंबभरच येतंय किंवा काहीच येत नाही, ओरडतोय, खालची जागा चाटत बसलाय, असं दिसलं तर त्याचा मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. यात एकदोन दिवसांत जीव जातो. रात्रीचे बारा वाजले असले तरी निघायचं. डांबरचं तसं नव्हतं, तो अगदी तळं करायचा. तरी नेलंच. डॉक्टरांनी पोट चाचपून मूत्राशय पाहिलं, लघवी तपासली. स्फटिक नाहीत, रक्त नाही. तरुण मांजरात जंतुसंसर्ग त्या मानाने कमी असतो, ताणामुळे मूत्राशयाला सूज येणं जास्त, असं ते म्हणाले. मग विचारलं, “बसून करतो की शेपटी ताठ करून भिंतीवर उडवतो?” बसून. म्हणजे हद्द आखणं नाही, शी-शूच्या मातीच्या डब्यावर राग. नसबंदी मात्र लांबवू नका, हेही त्यांनी सांगितलं. ती करून घेतली. पूर्ण वाढलेल्या बोक्याच्या लघवीचा तो डोक्यात जाणारा दर्प फेलिनिन नावाच्या द्रव्यामुळे येतो. ते विघटित होताना गंधकाची संयुगं सुटतात, आणि गंधक म्हटल्यावर मला जास्त समजवावं लागत नाही.

आता बाटली. लघवीतला युरिया पाण्याने बराचसा निघून जातो. युरिक आम्ल मात्र पाण्यात जेमतेम विरघळतं. ते फरशीच्या सांध्यात आणि कापडाच्या धाग्यात बसून राहतं, हवा दमट झाली की वास पुन्हा वर येतो. नाशिकचा जुलै म्हणजे त्याला रान मोकळं. एन्झाइमं हे अवशेष फोडतात, म्हणून त्यांना वेळ द्यावा लागतो. फवारून लगेच फडकं मारलं की पैसे फडक्यात गेले. जागा चिंब करायची, लघवी जितकी पसरली त्याहून थोडी मोठी, दहा-पंधरा मिनिटं तशीच सोडायची, मग नुसतं टिपायचं. जुना डाग असेल तर वरून ओलं कापड टाकून रात्रभर ठेवायचं. आईंनी हे सगळं दारात उभं राहून पाहिलं आणि म्हणाल्या, “अगं, हे तर पाणीच दिसतंय. साडेचारशेचं पाणी!”

त्यांचा भरवसा फिनाईलवर, आणि या बाबतीत आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचं आणि त्यांचं एकमत आहे. इथे मी हट्टाला पेटले. काळ्या फिनाईलमधली फिनॉल जातीची द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत, आणि मांजर फरशीवर चालून आलं की पंजे चाटतंच. ब्लीच तर त्या डागावर नकोच. अमोनियाशी त्याची गाठ पडली की क्लोरामाइनचा वायू होतो, घसा आणि डोळे धरतात. शिवाय फिनाईलसारखं काही आधी टाकलं असेल तर एन्झाइमं आपलं काम नीट करू शकत नाहीत. म्हणून फिनाईल गॅलरीतल्या वरच्या फळीवर गेलं. मावशी अजून अधूनमधून त्या फळीकडे बघतात.

डाग शोधायला मी नोटा तपासायची छोटी जांभळी टॉर्च वापरली. दिवे घालवून मारली की वाळलेली लघवी फिकट पिवळी-हिरवी चमकते. कपाटामागे एकच डाग असेल असं वाटलं होतं, तिथे नकाशाच निघाला. (डाळीचं सांडलेलं पाणी आणि साबणाचे ओघळही चमकतात, तेव्हा हुंगून खात्री करा. घरच्यांचं लक्ष नसताना.)

निकाल जागेप्रमाणे वेगळा. फरशी: पाच तारे. दुसऱ्या हातानंतर डांबर त्या कोपऱ्यात गेला, हुंगलं आणि परत फिरला. पायपुसणं: तीन तारे. सुती भाग सुटला, पण मागे रबर चिकटवलेलं होतं, त्याच्या आत मुरलेलं निघेना. ते टाकून दिलं आणि बिनरबराचं, मशीनमध्ये धुता येईल असं आणलं. गादी: दोन तारे, तेही मेहनतीचे. कापूस सगळं आत ओढून घेतो. फवारा वरच्या दोन बोटांपर्यंत पोचतो, खाली वास तसाच. आत पोचेल इतकं ओतायचं म्हटलं तर अख्खी बाटली जाते आणि पावसाळ्यात ती गादी वाळणार कधी? शेवटी गादीवाल्याला बोलावून ती उसवली, खराब कापूस काढून टाकला, उरलेला उन्हाची तिरीप मिळेल तशी दाखवून पिंजून घेतला, खोळ नवी. वर आता मेणकापडाचं अस्तर आहे. आईंना त्याचा आवाज आवडत नाही.

पण एवढ्यावर थांबला असता तर डांबरने चौथी जागा शोधली असती. फवारा खूण पुसतो, कारण पुसत नाही. त्याचा डबा नणंदेने मुंबईहून हौसेने पाठवलेला होता: झाकण, झुलतं दार, वर कोळशाची जाळी, आत लॅव्हेंडरच्या वासाची माती. आपल्याला छान वाटावं अशी सगळी सोय. मांजराच्या बाजूने बघितलं तर अंधारी कोंदट पेटी, आत वळायला जागा नाही आणि वर अत्तराचा भपका. तो लहान होता तेव्हा मावत होता, वाढला आणि डबा तेवढाच राहिला. डब्याची लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या अंतराच्या दीडपट तरी हवी, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेवढा तयार डबा महाग, म्हणून मेन रोडवरच्या प्लास्टिकच्या दुकानातून कपडे भिजवायचा मोठा आयताकृती टब घेतला आणि एका बाजूने काठ कापून पॉलिशपेपरने घासला. एक मांजर असेल तर दोन डबे, म्हणून दुसरा टब पुढच्या गॅलरीत, जेवणाच्या वाटीपासून आणि वॉशिंग मशीनच्या खडखडाटापासून लांब.

माती साधी, बिनवासाची बेंटोनाइट. पाकिटावर कच्छचा पत्ता आहे, आपल्याकडचं पुष्कळ बेंटोनाइट गुजरातेतूनच येतं. ओलं झालं की फुगून घट्ट गोळा होतो, तेवढाच काढायचा. दोन-तीन इंचांचा थर, रोज दोनदा झारा. ही माती कमोडमध्ये टाकू नका, पाइपात फुगून बसेल. जाता जाता सांगते, १९४७ साली अमेरिकेत एडवर्ड लो नावाच्या माणसाने मांजरासाठी म्हणून जी माती विकायला सुरुवात केली ती फुलर्स अर्थ, म्हणजे आपली मुलतानी माती. आईंना हे सांगितल्यावर त्यांनी तोंडाला लावायचा डबा उचलून स्वतःच्या कपाटात ठेवला.

टब बदलल्यावर डांबर पहिल्याच दिवशी त्यात मनसोक्त उकरून बसला. कापडावर नंतर एकदा गेला, तेव्हा घरात पाहुणे होते आणि लहान मुलं त्याच्या मागे लागली होती. ते मी हिशेबात धरत नाही.

एकूण चार तारे. एक तारा कापते तो फवाऱ्याच्या तोंडासाठी: बाटली निम्म्यावर आली की नळी खालपर्यंत पोचत नाही आणि गळतं ते मनगटावर. मी आता शाळेतली धुण्याची बाटली असते तसली, वाकड्या नळीची, बाजारातून आणून त्यात भरते. कडेला धरून नेमकं ओतता येतं. कंपनीने पाच लिटरचा कॅन काढलाय, पण एका मांजराच्या घरात तो संपायच्या आत मुदत उलटेल. छोटी बाटली घ्या आणि मागची तारीख बघून घ्या. मला दुसऱ्यांदा मिळाली तिची मुदत दीडच महिना उरली होती, दुकानदाराने कुरकुर न करता बदलून दिली.