आधी ग्रॉमेट की आधी ॲन्का?

दोन महिने झाले तरी कानाचा दडा सुटत नाही, पडद्यामागे पाणी आहे, अँटिबायोटिकचे दोन कोर्स संपलेत. अशा वेळी ग्रॉमेटचा, म्हणजे पाणी निघून जावं म्हणून पडद्यात बसवायच्या इवल्याशा नळीचा, विषय निघतोच. पण लहानपणी कधी कान न वाहिलेल्या माणसाला पन्नाशीत हे झालं, तर आधी रक्त-लघवी तपासावी, रक्तात ॲन्का, म्हणजे स्वतःच्याच पेशींवर उलटणाऱ्या प्रतिपिंडांची चाचणीही करावी, असं मला वाटतं. मी उलट क्रमानं गेलो.

ग्रॉमेटची बाजू लंगडी नाही. ते तालुक्याच्या गावीही बसतं, संध्याकाळी घरी येता येतं. मला चार दिवस पंख्याची घरघरसुद्धा गोड लागली. पाचव्या दिवशी कान वाहू लागला तो थांबेचना. कापसाचा बोळा घालावा, तासाभरात पिवळट, ओला. उशीवर जुना टॉवेल. वास जाईल म्हणून पंगतीत बसणं सोडलं. थेंब बदलले, गोळ्या बदलल्या, कल्चरमध्ये जंतू सापडेनात. त्या बोळ्यानं मला दीड महिना इतकं पिडलं की दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कानाआधी नाकाचं विचारलं. रोज सकाळी रक्ताळलेल्या खपल्या निघायच्या. मी त्या कोरड्या हवेवर ढकलत होतो.

त्यांनी सी-ॲन्का (ॲन्काचाच एक प्रकार), सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि लघवी तपासायला लावली. कसलाही त्रास नसताना लघवीत रक्तपेशी निघाल्या. निदान जीपीए, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच बारीक रक्तवाहिन्यांवर उलटते. स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्तीला आवर घालणारं रिटुक्सिमॅब सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात बोळा सुटला. डाव्या कानाला दाराची बेल मात्र अजून ऐकू येत नाही. आतल्या कानाचं नुकसान उशीर झाला की भरून येईलच असं नाही.

ॲन्कालाही मर्यादा आहेत. आजार कान-नाकापुरता असेल तर रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, आणि काही जंतुसंसर्गांत उगाच पॉझिटिव्हही. म्हणून तो संधिवाततज्ज्ञांनीच वाचावा. जपानमध्ये ॲन्काशी जोडलेल्या अशा कानदुखण्याचे देशभरातले २३५ रुग्ण अभ्यासले, त्यांत साधारण तिघांत एकाचा चेहरा लुळा पडला होता. तोंड वाकडं होतंय किंवा ऐकू येणं झपाट्यानं कमी होतंय असं दिसलं, तर एक दिवसही थांबू नका.

ग्रॉमेटची तारीख ठरली असेल तर लगेच रद्द करा असं मी म्हणणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवावं. त्याआधी सकाळी लॅबमध्ये रक्त आणि लघवीची डबी तेवढी देऊन या.