आठ महिने लॉगर ऑप्शनल ठेवला, आता कम्पलसरी केला

इंदूरच्या सियागंज बाजारातल्या एका ठोक व्यापाऱ्यांसाठी मी पीएचपीत बिलिंग लिहून दिलंय. उधारीचे एसएमएस त्यातूनच रोज संध्याकाळी जातात. मागच्या महिन्यात सेठजींचा फोन आला, "भाऊ, तीन दिन से एक भी मैसेज नहीं गया." तसाच दुकानात गेलो आणि लॉगची फाइल (प्रोग्राम चुका जिथे नोंदवतो ती) उघडली. शून्य बाइट! आठ महिन्यांत एक ओळ नाही.

एसएमएसचा बॅलन्स संपला होता, एवढंच. एक्सेप्शन, म्हणजे चालताना आलेली चूक, पकडून ती फाइलीत लिहिणाऱ्या लॉगरकडे देत होतो, पण लॉगर होता कुठे? कन्स्ट्रक्टरमध्ये (क्लास बनताना चालणारा कोड) तो नलेबल, म्हणजे नसला तरी चालेल असा, डीफॉल्ट नल (काहीच नाही), आणि आत सगळीकडे ?->. पीएचपी ८.० मध्ये हे नलसेफ चिन्ह आलं तेव्हा मी खूश झालो होतो, इफच्या किती ओळी वाचल्या! पण समोर नल असला की तो कॉल गुपचूप वगळला जातो, कंसातल्या आर्ग्युमेंटचा कोडसुद्धा चालत नाही.

खरी मेख पुढे आहे. मी वापरतो तो कंटेनर (क्लासला लागणाऱ्या गोष्टी पुरवणारी लायब्ररी) ऑटोवायरिंग करताना, म्हणजे टाइप बघून त्या आपोआप जोडताना, डीफॉल्ट असलेलं पॅरामीटर सोडूनच देतो, लॉगर नोंदवलेला असला तरी. सिम्फनी या फ्रेमवर्कचा कंटेनर तसं करत नाही, हवी ती सर्व्हिस सापडली तर देतो, नाहीतर डीफॉल्ट घेतो. दोन्हींत 'ऑप्शनल' शब्द तोच, अर्थ वेगळा. या एका गोष्टीपायी माझे सियागंजाचे चार फुकट फेरे झाले, आणि पेट्रोल काही सेठजी देत नाहीत.

आधी वाटलं, ८.१ पासून डीफॉल्टमध्येच न्यू लिहून ऑब्जेक्ट बनवता येतो, तिथे पीएसआर-३ चा (लॉगरचं सामायिक स्टँडर्ड) नललॉगर, म्हणजे काहीच न लिहिणारा लॉगर, टाकू. कोड सुंदर झाला, ?-> सगळे गेले. हाच उपाय इथे सुचवणार होतो. पण फाइल रिकामीच! कंटेनरच्या लेखी तेही डीफॉल्टच.

आता लॉगर कम्पलसरी आहे. खरा लॉगर कंटेनरच्या कॉन्फिगमध्ये एका ओळीत बांधलाय, टेस्टमध्ये नललॉगर हाताने देतो. ती ओळ राहिली तर क्लास बनतानाच एरर येते, आणि ती मला दिसते, सेठजींना नाही. जुन्या क्लासमध्ये टाइपआधी प्रश्नचिन्ह न लावता डीफॉल्ट नल लिहिलेलं असेल तर तेही आत्ताच बघून घ्या, ८.४ पासून ते डेप्रिकेटेड (पुढे बंद होणार असलेलं) आहे.

कॅशे (डेटाबेसची माहिती तात्पुरती साठवणारा) मात्र अजून सेटरने, म्हणजे क्लास बनल्यावर वेगळ्या कॉलने, देतोय. तो कॉल राहिला तर क्लास मुकाट्याने डेटाबेसवर जातो. दिवाळीची गर्दी सुरू व्हायच्या आत तोही कन्स्ट्रक्टरमध्ये घेतोय.