बी-२० वर पंधरा महिने: इंजिनाला काही नाही, तांब्या-पितळेला मात्र लागलं

आमच्या विहिरीवर १० एचपीचं, एका सिलिंडरचं वॉटरकूल्ड इंजिन आहे. शेतीची लाइट बरेचदा रात्रीचीच येते, म्हणून दिवसाचं पाणी इंजिनावर. पंधरा महिन्यांपूर्वी, रब्बीच्या पहिल्या पाण्याला, त्यात बी-२० घालायला लागलो. म्हणजे ८० टक्के डिझेल आणि २० टक्के बायोडिझेल, तेही वापरलेल्या खाद्यतेलापासून केलेलं. काहीही बदलावं लागत नाही, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं.

चालण्याबद्दल तक्रार नाही. पाणी तेवढंच उचलतं, धूर कमी झाला. पहिल्या महिन्यात फिल्टर दोनदा चोंदला, पण तो टाकीतला जुना गाळ होता. बायोडिझेल असा चिकटलेला मळ सोडवतं. टाकी धुतली आणि ते थांबलं.

खरा त्रास पावसाळ्यात झाला. जूनमध्ये पाऊस लागला तसं इंजिन बंद केलं आणि टाकीत पाच-सहा लिटर तेल तसंच राहिलं. दसऱ्यानंतर हँडल मारलं तर चार ठोके देऊन गप्प. एअर काढली, पुन्हा तेच. मिस्त्री आले, त्यांनी टाकीखालचा पितळी कॉक सोडला आणि तेल तळहातावर घेतलं. “दादा, वास घ्या,” म्हणाले. शिळ्या फरसाणाला येतो तसा आंबूस, खवट वास होता. रंगही हिरवट. फिल्टरला जाणारी तांब्याची नळी आतून काळपट झाली होती. बँजो बोल्टखालचा (नळी जोडणारा, मधून पोकळ बोल्ट) तांब्याचा वॉशर नखाने खरवडला तर काळपट हिरवा थर निघाला, काकवीसारखा चिकट. तोच थर फिल्टरवर बसून तेल अडत होतं. पत्र्याची टाकी मात्र आतून चकचकीत. फक्त तळाशी, जिथे थेंबभर पाणी साचलं होतं, तिथे गंजाचा एक डाग.

मग मी वाचायला आणि विचारायला लागलो. बायोडिझेल म्हणजे तेलातल्या फॅटी ॲसिडचं मिथाइल एस्टर. ते साध्या डिझेलपेक्षा कितीतरी जास्त पाणी शोषतं. हवा लागली, दिवस गेले की त्याचं ऑक्सिडेशन होऊन आम्लं तयार होतात आणि ती तांब्याला, पितळेला, जस्ताला लागतात. यातली वाईट बाजू पुढे आहे. तेलात उतरलेलं तांबं उत्प्रेरकाचं काम करतं, त्याने तेल आणखी लवकर नासतं आणि नासलेलं तेल आणखी तांबं खातं. म्हणजे नळी तेलाला बिघडवते आणि तेल नळीला. लोखंडाच्या बाबतीत हे चक्र तितकं जोर धरत नाही. त्याचा मुख्य शत्रू तळाचं पाणी.

खात्री करायला दिवाळीत लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत बी-२० भरलं आणि एकेकीत तांब्याची तार, पितळी तुकडा, खिळा, ॲल्युमिनियमची पट्टी आणि जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा, वॉशर टाकला. एका बरणीत साधं डिझेल आणि तांब्याची तार. परवा उघडल्या. बी-२० मधली तार काळवंडलेली आणि तेल हिरवं. पितळही तसंच, पण थोडं कमी. वॉशरभोवती पांढरट गढूळ साका. खिळा आणि पट्टी जवळपास होती तशी. साध्या डिझेलमधल्या तारेची चमक थोडीच कमी झालेली.

तेलाच्या मानकांत तांब्याच्या पट्टीची चाचणी असते: पट्टी ५० अंश सेल्सियसच्या तेलात ३ तास ठेवून तिचा रंग बघतात. ताजं, चांगलं बायोडिझेल त्यात पास होतं. पण तीन तासांची ही परीक्षा चार महिन्यांच्या पावसाळ्याबद्दल काही सांगत नाही, आणि शेतकऱ्याचं इंजिन तर पावसाळ्यात बंदच असतं. हे विकताना सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं. आमचा एक आठवडा पाण्यावाचून गेला आणि हरभऱ्याची पेरणी लांबली.

मी बी-२० सोडलेलं नाही. तांब्याच्या जागी स्टीलची नळी टाकली, कॉक स्टेनलेस स्टीलचा बसवला, वॉशर ॲल्युमिनियमचे. रबरी पाइप फुगून मऊ पडला होता. साधं नायट्राइल रबर बायोडिझेलमध्ये फुगतं, म्हणून सील व्हिटॉनचे, म्हणजे त्यात सहसा न फुगणाऱ्या खास रबराचे, घेतले. साठवायला जीआयचा डबा होता, तो काढून प्लास्टिकचा कॅन ठेवला, तोंडापर्यंत भरलेला, म्हणजे आत हवा कमी राहते. महिन्याभरात संपेल एवढंच तेल आणतो. दर पंधरवड्याला तळाचं पाणी काढतो.

जानेवारीत फिल्टर उघडला तर तो कोरा होता, तेल पिवळं आणि खवट वास नाही. यंदा मे संपताना टाकी रिकामी करून शेवटचे दोन तास इंजिन साध्या डिझेलवर चालवणार आहे, म्हणजे पंपात आणि नोझलमध्येही बी-२० उरणार नाही.