दाणाबाजारातला सुटा आसाम चहा : प्रून्ड की अनप्रून्ड?

जळगावात दाणाबाजाराच्या बाजूला सुट्या चहाचं एक दुकान आहे, तिथे सध्या आसामच्या एकाच बागेचा सीटीसी, म्हणजे दाणेदार चहा, दोन डब्यांत ठेवलाय. एकावर 'अनप्रून्ड' (न छाटलेल्या झाडाचा), दुसऱ्यावर 'प्रून्ड' (छाटलेल्या झाडाचा), आणि पहिल्याचा भाव चांगलाच चढा. छाटणीवर भाव ठरतो हे मला तरी नवीन होतं, म्हणून दोन्ही पाव-पाव किलो घेतले.

आधी भानगड काय ते सांगतो. चहाचं झाड मोकळं सोडलं तर मोठा वृक्ष होतो, म्हणून ते कंबरेएवढं ठेवतात. आपण कपाशीचे शेंडे खुडतो ना फांद्या फुटाव्यात म्हणून, तसंच. आसामात छाटणी डिसेंबर-जानेवारीत, झाड थंडीत झोपलेलं असताना, आणि सगळी बाग एकदम नाही, तीन-चार वर्षांची पाळी लावून. छाटल्यावर झाडाला पानच नसतं, नवीन फुटवा सगळा मुळातल्या स्टार्चवर निघतो. दक्षिणेत तर काही बागांत मूळ कापून आयोडीन लावून बघतात, निळं-काळं झालं तर स्टार्च आहे, मग कोयता.

आता चव. कोवळ्या कोंबात आणि त्याखालच्या दोन पानांत कॅटेचिन (पॉलिफेनॉलपैकी एक, तुरट द्रव्य) आणि कॅफिन जास्त, पान जून झालं की दोन्ही कमी. पान चुरल्यावर कॅटेचिनचं ऑक्सिडेशन होऊन दोन द्रव्यं बनतात, थिआफ्लेविनमुळे चहाला चमक आणि जिभेला चटका येतो, थिआरुबिजिनमुळे रंग आणि भरीवपणा. छाटणीला वर्षं उलटली की फुटवे बारीक होतात आणि 'बांझी' वाढते, म्हंजे शेंड्याला कोंब थांबलेला, पान चिवट, चहा फिका. छाटलेल्या झाडाचा फुटवा जोमदार आणि रसरशीत असतो पण उशिरा येतो.

मग अनप्रून्ड महाग का? कारण मार्चमध्ये पहिली पत्ती न छाटलेलं झाडच देतं, छाटलेलं अजून उघडंच असतं. म्हणजे पैसे जातात ते लवकरच्या पत्तीचे. जूनमध्ये दोन्हीकडून पाला येतो आणि फॅक्टरीत बहुतेकदा एकत्रच जातो, तेव्हा नुसत्या 'अनप्रून्ड'ला मला काही अर्थ वाटत नाही. महिना महत्त्वाचा, आणि नेमका तोच डब्यावर नाही! विचारलं तर दुकानदार म्हणतो, "दादा, माल एकदम ताजा आहे." अरे पण कधीचा?

कोरा करून प्यायलो तर फरक सरळ कळतो, महागडा हलका आणि वासाला छान, स्वस्तातला कडक आणि तुरट, रंगही दाट. पण आपल्या पद्धतीने, दूध-साखर-आलं टाकून खळखळ उकळला की महागड्याचा वास उडून जातो, आणि दुधातलं केसीन हे प्रथिन पॉलिफेनॉलला धरून ठेवतं त्यामुळे उरलेला चटकाही जातो, मग राहतं काय? स्वस्तातला मात्र दुधात मस्त टिकतो, घरात सगळ्यांनी तोच मागितला, पाहुण्यांनीही.

माल चांगला आहे, भेसळ वाटली नाही, गाळणीत रंग सुटत नाही, वजन चोख. चार स्टार, एक कापला तो महिना न लिहिल्याबद्दल. कोरा पिणाऱ्यांनी अनप्रून्ड घ्या पण आधी गोणीवरची पॅकिंगची तारीख दाखवायला सांगा, मार्च-एप्रिलची नसेल तर जास्त पैसे देऊ नका. दूधवाल्यांनी सरळ प्रून्ड घ्यावा. संध्याकाळी तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही, सकाळीच जा.