सीएसटी रोडवरचं हेल्मेटचं दुकान, माल चांगला पण पार्किंगचं विसरा

कुर्ल्याला बायकोसाठी हेल्मेट घ्यायला गेलेलो, जून 2022 पासून मुंबईत मागे बसणाऱ्यालाही कम्पल्सरी आहे आणि तिचं जुनं म्हणजे फूटपाथवरचं नुसतं टोपलं. दुकानवाल्या काकांनी बजेट विचारायच्या आधी टेप काढून भुवयांच्या जरा वरून डोक्याचा घेर मोजला, मग पट्टा लावायला सांगून हेल्मेट मागून वर ढकलून बघितलं, निघालं तर म्हणाले हे नको ताई, एक साइज खाली घ्या. आयएसआय मार्क, आयएस 4151 (दुचाकीच्या हेल्मेटचं भारतीय मानक) लिहिलेलं दाखवलं, आतलं थर्माकोलपण, म्हणे धक्का हेच खातं, एकदा जोरात आपटलं की वरून चकाचक दिसलं तरी बदलायचं. बरोबर बोलले. कोक्रेन म्हणजे जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था, त्यांच्या अभ्यासात हेल्मेटने मृत्यूचा धोका साधारण 42 टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा 69 टक्के कमी होतो असं आलंय, आपल्याकडे मात्र आरशाला लटकवून फिरायचं आणि सिग्नलला हवालदार दिसला की चढवायचं!! भाव फिक्स, घासाघीस चालत नाही, बिल मागून घ्या. काळी काच अजिबात घेऊ नका, रात्री काय दिसत नाय. चार स्टार, एक कापला कारण ट्रायलचा आरसा एवढुसा की बायको वैतागली.